छपरावरून मांडलेली चूल

मी शहापूरजवळच्या शेणव्याकडची. नव्वदच्या दशकात निर्धूर चुलींची योजना आली, तेव्हा चूल घालायचं शिक्षण घेतलेल्या आमच्या भागातल्या मोजक्या बायकांत मी होते. काम सांगायला सोपं होतं. जुन्या घरातली तीन दगडांची चूल काढायची, माती, शेण आणि भाताचा तूस एकत्र मळायचा, लोखंडी साच्याभोवती दोन भांड्यांची चूल घालायची आणि मागून सिमेंटचा पाइप थेट छपराबाहेर काढायचा. धूर बाहेर जातो, लाकूड कमी लागतं, बाईच्या डोक्यावरच्या मोळ्या कमी होतात. तालुक्याच्या ऑफिसातले साहेब हे सगळं इतक्या आनंदानं सांगायचे की बायकांचे डोळे त्यांनीच पुसले असावेत असं वाटायचं.

पण चूल असते घराच्या सगळ्यात आतल्या खोलीत, देव्हाऱ्याला लागून. आणि मी बौद्धवाडीतली. साहेबांना हे ठाऊक नव्हतं असं मला कधीच वाटलं नाही. ते मूग गिळून बसले होते.

लोक तोंडावर नाही म्हणत नसत. चहा देत, वेगळ्या कपात. मग म्हणत, "आत अंधार हाय, तू आपली पडवीलाच घाल." मी पडवीत चूल घालायचे. पाइप पडवीच्या वळचणीतून बाहेर काढायचे. आत तीन दगड तसेच धुपत राहायचे आणि माझ्या चुलीत कोंबडी अंड्यांवर बसायची. कोंबड्यांसाठी मी इतकी उबदार घरं बांधली की त्यांनी मला निवडणुकीला उभं करायला हरकत नव्हती.

टोकावड्याच्या अलीकडे, रस्ता सोडून आत असलेल्या गावात एक घर होतं. कुडाच्या भिंती, वर नळीची कौलं, चुलीच्या खोलीला खिडकी म्हणून नाही. घरात सासू, मुलगा आणि सून. मुलगा मुरबाडच्या कंपनीत पाळीला जायचा. सून माझ्यापेक्षा लहान होती आणि वाक्याच्या मधे थांबून श्वास घ्यायची. शहापूरच्या डॉक्टरनं तिला सांगितलं होतं की धुरात बसलीस तर ही छाती फार दिवस साथ द्यायची नाही. हे मला तिनंच सांगितलं, हसत, दुसऱ्या कुणाचं तरी दुखणं सांगावं तसं.

सासूला मी म्हटलं, "मावशी, हिला पडवीतली चूल काय कामाची? आतलीच काढायला हवी."

"आत देव हायती," सासू म्हणाली. तिचा आवाज मऊ होता. ती बाई कधी ओरडत नसे. ओरडणाऱ्या बाईशी मला भांडता येतं.

मग माझ्या डोक्यात आलं ते माझ्या बापामुळं. माझा बाप उन्हाळ्यात गावोगाव घरं शाकारायला जायचा. ज्या घरांच्या उंबऱ्याआत त्याला पाणी मिळालं नाही, त्या घरांच्या देवांच्या बरोबर डोक्यावर बसून त्यानं कौलं चाळली, फुटकी बदलून पुन्हा घट्ट बसवली. छपराला विटाळ नव्हता. पावसात गळू लागलं की शास्त्र कुठं जातं ते मला लहानपणापासून ठाऊक होतं.

मी म्हटलं, "मी वर चढते. कौलं काढून वरून सांगते. हात हिचेच लागतील. मग तर चालेल?"

साहेब पाहणीला येणार होते आणि गावात सगळ्यात आधी आपल्याकडे आतली चूल झाली हे मिरवायला सासूला आवडलं असतं. ती म्हणाली, "वर चढलीस तर चालंल."

मी कासोटा घातला आणि शिडी लावून वर गेले. चुलीवरची चार कौलं काढली. खाली उन्हाचा एक चौकोन पडला आणि त्या चौकोनात ती वर तोंड करून बसलेली दिसली. काजळीनं काळ्या झालेल्या वाशांच्या मधून मी तिला शिकवू लागले. माती अजून मळ. साचा सरळ धर. आतल्या बोगद्याला ओला हात फिरव, खडबडीत राहिला तर धूर अडतो. मागचं भोक पाइपाच्या मापाचं ठेव. माझा आवाज वरून येत होता आणि ती "हां ताई, हां ताई" करत होती. मधेच तिला खोकला यायचा, मग आम्ही दोघी थांबायचो. सासू उंबऱ्यात बसून माझा एखादा थेंब घाम खाली पडतो का ते बघत होती. पडला असणार. उन्हाळा होता.

हात चांगला होता पोरीचा. मी शिकवलेल्या बायकांत असा हात मी फारसा पाहिला नाही. पाइप मी वरून सोडला, तिनं खालून बसवला. चूल वाळेपर्यंत बरेच दिवस गेले. मग मी पुन्हा गेले, पाइपाचं तोंड तपासायला छपरावर चढले आणि तिनं खाली काटक्या पेटवल्या. पहिला धूर माझ्याच तोंडावर आला. डोळ्यांतून पाणी आलं आणि मी मोठ्यानं हसले, कारण खाली ती स्वच्छ दिसत होती. चुलीपाशी बसलेली आणि खोकत नसलेली.

मी उतरून पडवीत टेकले. ती बाहेर आली. पितळी थाळीत तांदळाची पहिली भाकर, वर मिठाचा खडा आणि सुकी मिरची. "आमच्या माहेरी नवी चूल घालनाऱ्याला पयली भाकर देतात," ती म्हणाली. मी थाळी घेतली. किती आनंद झाला होता मला. भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला तेवढ्यात सासू विहिरीवरून आली.

तिनं हंडा उतरवला, थाळीकडे पाहिलं, मग सुनेकडे. "पयली भाकर तिला दिलीस?"

"हां. चूल त्यांनीच..." सुनेचा श्वास तिथं तुटला.

"मंग चूल तिनंच घातली म्हनायची," सासू म्हणाली.

एवढंच. भाकर दिली नसती तर चूल सुनेची होती. भाकर दिली आणि ती माझी झाली. ती मळली कुणी, लिंपली कुणी, याला आता काही अर्थ उरला नव्हता. सासूनं थाळी मागून घेतली आणि अंगणात शेणी पेटवून त्यात घातली. थाळी जाळानं शुद्ध होते म्हणे. चुलीत तर दिवसभर जाळच असतो, तीही शुद्ध होईल की, असं मी म्हणाले. माझ्या जिभेला हाड नाही.

पाहणीच्या दिवशी मी साहेबांबरोबर गेले तेव्हा मला आशा होती. चूल पांढऱ्या मातीनं पोतारलेली, वर भांडी मांडलेली, सून नव्या लुगड्यात चुलीपुढे बसवलेली. मी पडवीतूनच पाहिलं. चुलीत राख नव्हती. साहेबांनी सुनेला "हस" म्हटलं, फोटो काढला, सासूनं केलेला चहा घेतला, तिचं कौतुक केलं आणि जीपमधून गेले. मला म्हणाले, तू एसटीनं ये.

एसटीला वेळ होता म्हणून मी समोरच्या आंब्याखाली थांबले. तेव्हा आतून पहारीचे आवाज आले. थोडा वेळ यायचे, मग थांबायचे, मग पुन्हा. त्या थांबण्यावरून मला कळलं की पहार कुणाच्या हातात आहे. सासू उंबऱ्यात बसून सांगत होती, "तुझी तूच मोड. माझा हात नको लागाया." मग सून घमेलं घेऊन बाहेर आली, माझ्या समोरून उकिरड्यावर गेली, चुलीचे तुकडे ओतले आणि परत फिरली. तिनं माझ्याकडे बघून मान हलवली, जाऊ दे म्हणाल्यासारखी. मी सासूला तोंडात येईल ते बोलले. ती तांदूळ निवडत राहिली.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, फोटो निघालाय, आपलं काम झालं, घरच्या भानगडीत पडू नकोस.

पुढच्याच्या पुढच्या पावसाळ्यात सून गेली. मुरबाडच्या बाजारात मला कळलं. सुक्या बोंबलांच्या वाट्याशेजारी उभी राहून मी रडले आणि मासे विकणारीनं मला पाणी दिलं.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. योजना बदलली, साहेब बदलले, मी मात्र चुलीच घालत राहिले. बऱ्याच घरांत आता मला आत बोलवत. कुणाचं मन बदललं म्हणून, कुणाचं लाकूड महागलं म्हणून. एकदा त्याच गावात काम निघालं आणि एका पोरानं निरोप आणला, त्या घरची म्हातारी बोलावते.

मुलगा दुसरं लग्न करून कल्याणला राहायला गेला होता. दुसरीनं या घरात पाऊलच टाकलं नव्हतं. म्हातारी एकटी होती. डोळे लाल, पाण्यानं भरलेले, आणि वाक्याच्या मधे थांबून श्वास घेत होती. ते थांबणं मी ओळखलं.

"ये गो, आत ये," ती म्हणाली. "उंबऱ्यात नको उभी राहूस. ती बिनधुराची चूल घाल मला. आता सोसत नाय."

दार सताड उघडं होतं. आत तीन दगड, काळा देव्हारा आणि त्याच्या शेजारी भिंतीवर हार घातलेला फोटो. चुलीपुढे बसलेली सून, नव्या लुगड्यात. साहेबांनी काढलेला तोच. तिचा दुसरा फोटो त्या घरात कधी निघालाच नव्हता.

"मी वर चढते, मावशी," मी म्हटलं. "तुमी माती मळा."

"आता कसला विटाळ गो? आत ये, म्हनते ना मी."

मी शिडी लावली. माझंही वय झालं होतं, गुडघे कुरकुरले. पाइप काढल्यावर ती कौलं पुन्हा नीट कुणी बसवलीच नव्हती, सहज निघाली. खाली उन्हाचा चौकोन पडला आणि त्यात म्हातारीचं तोंड वर झालं.

"माझे हात नाय चालत," ती म्हणाली. "मला येत नाय ती."

"तिला येत होती," मी वरून म्हटलं. "मी शिकवली होती तिला."

म्हातारी वर बघत राहिली. तिनं भिंतीकडे पाहिलं नाही. मी वाट पाहिली, ती काही बोलेल म्हणून. एक शब्द बोलली असती तर मी उतरले असते आणि आत जाऊन चूल घातली असती, हे मला आजही पक्कं वाटतं. ती खोकली आणि म्हणाली, "मंग घालतेस का नाय?"

लोक मला म्हणतात, मरायला टेकलेल्या बाईशी असं वागू नये. वागले. मी चारही कौलं नीट जागेवर बसवली, एकावर एक घट्ट, बापानं शिकवलं होतं तशी, आणि शेवटचं सरकवताना खाली तिच्या तोंडावर अंधार आला.