अंगातला शर्ट

“शर्ट काढ.”

मालकीण छत्रीखाली उभी होती. आम्ही बाया कापसाच्या शेतात, डोक्यावर दुपारचं ऊन. आर्वीकडं आमच्या गावात वेचणीला जाताना बाई लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घालते. ऊन लागू नये, बोंडांच्या टोकांनी हात ओरबाडले जाऊ नयेत म्हणून. मालकिणीच्या डोक्यात भरलं, की आम्ही शर्टात कापूस लपवून नेतो.

मी म्हणाले, “बाई, मले उन्हाची बिमारी हाय. वर्ध्याच्या डॉक्टरीणनं सांगतलं, अंग उघडं ठेवू नोको.”

ती हसली. “तुमच्या लोकायच्या कातडीले ऊन काय करते?”

तुमच्या लोकायच्या. आम्ही बौद्ध. पुढं तिला काही बोलावं लागलं नाही.

मी शर्ट काढला. झटकला. कापूस निघाला नाही. तरी परत घालू दिला नाही. वेचलेला कापूस ठेवायच्या ओटीसाठी पदर कमरेला खोचलेला. मान उघडी, हात उघडे. शर्ट शेताच्या धुऱ्यावर पडून राहिला आणि मी दिवस मावळेपर्यंत वेचत राहिले. मजुरी बुडाली असती म्हणून राहिले. त्याची मला आजही चीड येते.

सकाळी हातांवर फोड आले. नाक, गाल लालभडक. ताप. लेकीनं हात लावला तरी सोसवेना. डॉक्टरीणबाई रागावली. असंच उन्हात राहिलीस तर आजार आत शिरेल, किडनी धरेल म्हणाली. सावलीत राहायचं. कापसाच्या शेतात कुठली सावली?

ताप उतरल्यावर पुन्हा गेले. जाणार कुठं? शर्ट घालूनच गेले.

“काढ, नाईतर घरी जाय,” मालकीण म्हणाली.

मी गळ्याचं बटण लावलं. “नाई काढत.”

बाकीच्या बाया खाली बघून वेचत होत्या. त्यांच्यावर राग नाही माझा. त्यांच्या घरीही चूल आहे. मी एकटी परतले.

आता मला वेचणीला कोणी बोलवत नाही. गालावरचे डाग गेले नाहीत. औषध कधी आणते, कधी राहून जातं. या सगळ्यापुढं माझं काही चालत नाही.

परवा लेक म्हणाली, “माय, कॉलेजले सुट्टी हाय. मी जातो येचाले.”

मी तिला बापाचा शर्ट दिला. बाह्या मनगटापर्यंत ओढून पाहिल्या.

“जाजो. पन कोनी शर्ट काढ म्हटलं, त तशीच वापस येजो. उपाशी राहू.”