विहारातले रविवार

आई माणसं विसरायला लागली, तेव्हा मी शाळेतली क्लार्कची नोकरी सोडली आणि घरीच शिकवण्या घ्यायला लागलो. लग्न केलं नव्हतं. बहीण नातेपुत्याला, तिच्या संसारात. आईला अंघोळ घालणं, भरवणं, ती दार उघडून निघाली की मागं धावणं, सगळं माझ्याकडं आलं. तक्रार कुणाकडं करायची? आईच ती.

एकदा आरोग्य केंद्राच्या आशाताई आईचं बीपी बघायला आल्या. तिच्या दंडाचा पट्टा सोडून त्यांनी माझाच हात पुढं ओढला.

"माझं कशाला? पेशंट ती आहे."

"तिचं झालं की. तुमी झोपता का नीट?"

बीपी आईपेक्षा माझं जास्त निघालं. त्या म्हणाल्या, "आपल्या वॉर्डात तुमच्यासारखे अजून चारजण हायत. रविवारी दुपारी बुद्धविहारात या. आईजवळ मी बसते."

गेलो. सासूचं करणाऱ्या दोन सुना, नवऱ्याचं करणारी एक बाई आणि एक रिटायर विणकर काका. काकांच्या बायकोला अर्धांगवायू झालेला. एका नर्सनं पेशंटला कुशीवर कसं वळवायचं ते दाखवलं. मग चहा आला, आणि मी कुणाला न सांगितलेलं बोलून गेलो. केस विंचरताना आई हात झटकते म्हणून आदल्या दिवशी मी तिच्यावर ओरडलो होतो. ती लहान पोरीसारखी रडली होती.

"मी तर ताट आपटलं होतं," एक सून हळूच म्हणाली.

काकांनी खाली अंथरलेल्या चादरीच्या दशा हातात घेतल्या. त्यांची मराठी तेलुगू वळणाची. "वरून ओढू नका. टोकाकडून गुंता सोडवा. मग तीन पदर. असं." माझ्याकडून चार वेळा करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तेल लावून टोकाकडून सुरुवात केली. आईनं हात झटकला नाही. वेणी वाकडीच झाली. तिनं मागं हात नेऊन चाचपली.

"अक्का, घट्ट घाल की."

अक्का म्हणजे तिची करमाळ्याची थोरली बहीण, कधीच गेलेली. मी म्हटलं, "घालते गं."

पुढं दोन वर्षं, आई जाईपर्यंत, रोज सकाळी मी अक्का होतो.

त्या दिवसांतला थकवा आता फारसा आठवत नाही. आठवतात ते रविवार. हसता हसता आम्ही पाचहीजण एकदम घड्याळाकडं बघायचो आणि चपला शोधायला लागायचो. प्रत्येकाच्या घरी कुणीतरी वाट बघत असायचं.