बसलं का कॉल येते

एकशे बारा या मदतीच्या नंबरावर फोन आला की धावणाऱ्या गाडीवर एक साहेब पोलीस आहेत. वाडीतल्या माझ्या ठेल्यावर रोज सकाळी तर्री-पोहे खातात, तेही उभ्यानं. स्टूल पुढं केलं की म्हणतात, "बसलं का कॉल येते, मावशी." तरी कॉल येतोच, आणि निम्मी प्लेट तशीच राहते.

परवा सुट्टीच्या दिवशी साध्या कपड्यांत आले आणि चक्क बसले. आदल्या दिवशी ताण कमी करायचं ट्रेनिंग होतं.

"काय शिकवलं, साहेब?"

"डोळे मिटून श्वास घ्या म्हणे. मी झोपूनच गेलो. सर्टिफिकेट भेटलं पण."

तेवढ्यात फोन वाजला. ते ताडकन उठले. फोन माझा होता.

"बसा ना, आज सुट्टी आहे तुम्हाले."

"हो," म्हणाले, आणि उरलेले पोहे उभ्यानंच संपवले.