स्पायडरमधला य

स्वारगेटच्या मागे आमचं दुकान आहे. गाड्यांच्या मागच्या बाजूला नावाची धातूची अक्षरं असतात ना, ती मी कापते आणि नवरा बसवतो. कात्रजच्या एका काकांनी उघड्या टपाची जुनी इटालियन गाडी घेतली होती. डिकी नव्याने रंगवताना जुनी अक्षरं हरवली, त्यांच्या खिळ्यांची भोकंही बुजली. काका फोनवर म्हणाले, "स्पायडर लिवायचं. मापाला येक तुकडा धाडलाय." नवऱ्याने ते मराठीत टिपून घेतलं. इंग्रजीत कापताना मी क्षणभरही अडले नाही. स्पायडरमध्ये य आहे, म्हणजे वाय. शिवाय वाय असलेली एक इटालियन गाडी मी फोटोत पाहिलीही होती.

नवरा अक्षरं घेऊन गेला. टेबल आवरताना तो मापाचा तुकडा हाती आला. एखाद्या मोडक्या अक्षराची काडी असेल, असं मी धरून चालले होते. पण दोन्ही टोकं गुळगुळीत होती आणि मागचा खिळा शाबूत. ते अख्खं अक्षर होतं. आय.

आयला एक खिळा, वायला दोन. डिकीचा लाल रंग जुळवायला काकांनी अख्खं पुणं पालथं घातलं होतं, आणि आम्ही त्यात नको तिथे भोक पाडणार! फोन नुसताच वाजत राहिला. कामाला लागला की आमचा थोर माणूस फोन स्कूटरच्या डिकीत ठेवतो. मी रिक्षा केली, सगळे देव पाण्यात घातले. जीव मुठीत धरून म्हणतात, माझ्या मुठीत तो आय होता.

पोचले तेव्हा ड्रिलचा आवाज नव्हता. त्याचीच जास्त भीती वाटली.

काका डिकीवर बोट फिरवत वाचत होते, "स्पा... य... डर. झ्याक!" नवरा चहा पीत होता. "दुकान कोणावर टाकून आलीस?"

मी मूठ उघडली. "काका, चुकलं माझं. वायच्या जागी हे हवं होतं."

नवऱ्याचा कप बशीवर वाजला. काकांनी आय उचलून उन्हात धरला.

"ह्याच्यापायी," ते म्हणाले, "गाडी घेतल्यापासनं मी स्पिडर, स्पिडर म्हनत हिंडलो. पोरगी हसली तवा कळालं." त्यांनी आय खिशात टाकला. "आसंच ऱ्हाऊ द्या, ताई. आता मला वाचता येतंय."