नॉर्वेच्या मडमेचं बाळ आणि आमची आक्का

आमची आक्का बाळंतपणात गेली, त्याला महिना झाला. माणसं भेटायला आमच्या गावी, टाकव्याला येतात. आधी रडतात, मग चहा पितात, मग कुणीतरी हळूच म्हणतं, "ती मडमेची गंमत सांग की रं!" मी सांगतो. एक सांगितली की तिच्यामागून दुसरी आठवते. मग मला थांबता येत नाही.

लोणावळ्याला धरणाच्या कामावर नॉर्वेचे एक इंजिनिअर साहेब आहेत. मी त्यांच्या बंगल्यावर माळी. भावजी पलटणीत, म्हणून आक्काही तिथंच कामाला होती. तिची आधीची दोन पोरं बारशाआधीच गेली होती. मडमेला मुलगा झाला, तेव्हा आक्का मला म्हणाली, "ही काय काय करती ते नीट बघू. हिचं जगलं, तर आपन बी तसंच करायचं!"

*

पाचवीच्या दिवशी आक्कानं लुगड्यात लपवून विळा नेला. पाळण्यातली गादी उचलली, तर खाली आधीच एक कात्री! मागं मडम उभी. आक्काला वाटलं, गेली नोकरी!

मडम म्हणाली, तिच्या देशात डोंगरातली अदृश्य माणसं बाळ बदलून नेतात. लोखंडाला मात्र भितात.

आक्कानं कात्री हातात घेऊन पाहिली. "लयच ल्हान हाय. इळाच असू द्या!"

*

पुढच्या आठवड्यात मडमेनं बाळाला बाबागाडीत घातलं आणि गाडी ठेवली बाहेर, व्हरांड्यात. पौषातली थंडी! आक्कानं पोर आत आणलं. मडमेनं बाहेर नेलं. आक्कानं परत आत आणलं. असं चारदा झालं.

"आमच्याकडं बर्फात पण बाहेर झोपवतात," मडम म्हणाली.

आक्का घोंगडी घेऊन गाडीशेजारी बसून राहिली. पोर दोन तास ढाराढूर झोपलं. सर्दी झाली आक्काला!

*

मडम मराठी शिकली ती आक्काकडून. एकदा लोणावळ्याच्या डॉक्टरीणबाई बाळाला बघायला आल्या. शुद्ध पुणेरी बाई. "काय म्हणतंय आपलं बाळ?"

मडम म्हणाली, "लय ग्वाड हाय, पर रातचं झोपू देत न्हाई मेलं!"

डॉक्टरीणबाईंचा कप हातातच राहिला!

*

त्याच हिवाळ्यात आक्कालाही दिवस गेले. मडम स्वतः रोज चमचाभर माशाचं तेल प्यायची. अंगावर पिणाऱ्या पोराला त्यानं जोर येतो, म्हणायची. आता आक्काला पण चमचा सुरू झाला. आमचे वडील, आबा, माळकरी! आक्का नाक दाबून तेल गिळायची आणि मला दम द्यायची, "आबांना बोललास तर बघ!"

आबा एकदा भेटायला आले आणि हुंगायला लागले. "मासळीचा वास कुटनं येतोय?"

आक्का माझ्याकडं बोट करून म्हणाली, "ह्यानं आंगूळ केली न्हाई!"

*

आक्का टाकव्याला बाळंत झाली. मुलगी. तिसऱ्या दिवशी आक्का गेली. पोरगी बोळ्यानं गाईचं दूध घेईना. घेतलं तरी ओकायची. दोन दिवसांत तिचं रडणंही बारीक झालं. मी कुणाला न विचारता तिला घोंगडीत गुंडाळलं आणि सुटलो. कामशेतपर्यंत पायी, पुढं गाडीनं लोणावळ्याला, बंगल्यावर. आबा ओरडत मागून आले.

मडमेनं पोरीकडं एकदा पाहिलं, स्वतःचा मुलगा साहेबांच्या मांडीवर टाकला आणि तिला घेऊन आत गेली. दार लावलं.

आबा व्हरांड्यात उभेच. साहेबाच्या घरचं पाणीही न शिवणारा माणूस. आणि आक्का गेल्यापासून त्यांच्या पोटात अन्नाचा कण नव्हता.

बऱ्याच वेळानं मडम बाहेर आली. एका हातावर पोरगी, ओठांवर दूध, गाढ झोपलेली. दुसऱ्या हातात वाटीभर खीर.

आबा म्हणाले, "द्या पोरीला. निगतो आमी."

मडम दारात आडवी उभी राहिली. "आमच्या गावाकडं नवं बाळ असलेल्या घरातनं कुनी उपाशी ग्येलं, तर बाळाचा जोर त्याच्यासंगं जातो. आबा, खाल्ल्याबिगर जायचं न्हाई!"

आबांनी वाटीकडं पाहिलं. पोरीकडं पाहिलं. मग खाली मांडी घालून बसले आणि वाटी बोटानं पुसून साफ केली.

मला वाटलं, आता उठतील. तर त्यांनी वाटी पुन्हा पुढं केली.

"आनखी वाढ, पोरी."