फटकळ

माझी नणंद फटकळ आहे, हे मला लग्नाच्या दिवशीच कळलं. सगळे नव्या नवरीचं कौतुक करत होते आणि ताई म्हणाल्या, "हसतेस छान, पण उगाच हसू नकोस. आमच्याकडे त्याचे मार्क मिळत नाहीत." तेव्हापासून आमचं वाजलं ते वाजलंच.

ताई बसस्थानकावर सूचना द्यायच्या. काचेच्या खोलीत माइकसमोर बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, ते सांगायचं. "ढकलाढकली करू नका, ड्रायव्हर अजून खालीच उभा आहे," हे मात्र कुठल्या नियमात नव्हतं, ते त्या पदरचं जोडायच्या. लोकांना आवडायचं, साहेबांना नाही.

मग घशात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये जीव वाचला आणि आवाज गेला. ज्या बाईनं जन्मात कोणाचं ऐकून घेतलं नाही, तिला आता तोंड दाबून बुक्क्यांचा मार. त्या पाटीवर लिहून बोलायच्या. समोरचा वाचेपर्यंत त्यांचा राग शिळा व्हायचा. मला वाटलं होतं, आता घरात शांतता येईल. आली, आणि मला खायला उठली.

साहेबांनी कळवलं की आवाज नाही तर माइकसमोर बसून काय करणार, पार्सलच्या खोलीत जा. ताईंनी पाटीवर लिहिलं, 'जाणार नाही.'

"फोनमध्ये ती बाई बोलते ना, तिला वापर," हे म्हणाले. हे म्हणजे माझे यजमान, ताईंचे धाकटे भाऊ.

ताईंनी त्या बाईला नीट ऐकलं आणि लिहिलं, 'ही वाक्यावाक्याला कृपया म्हणते. ही माझी कोणी लागत नाही.'

आवाज होता तेव्हा, जेवायच्या सुट्टीत वाजवायला त्यांनी स्वतःच्या आवाजात ढीगभर सूचना भरून ठेवल्या होत्या. अशा नमुन्यांवरून माणसाचा आवाज तयार करायचा आणि टाइप केलेलं त्या आवाजात बोलायचं, असा एक प्रोग्राम त्यांना सापडला. पण तो चालायचा एकाच महागड्या कंपनीच्या सिस्टमवर, आणि ती सिस्टम फक्त त्याच कंपनीच्या मशीनवर. ताईंचा लॅपटॉप भलत्याच कंपनीचा, तोही म्हातारा. ती सिस्टम परक्या मशीनवर बसवायची आडवाट इंटरनेटवरच्या खटपट्या लोकांनी शोधून ठेवली होती. ताईंनी वाचून वाचून ती बसवली.

"हात दाखवून अवलक्षण," हे म्हणाले. "कंपनीची परवानगी नसते त्याला."

'गळा कापायला मी सही करून परवानगी दिली,' ताईंनी लिहिलं. 'आता परवानग्यांचा कंटाळा आलाय.'

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप त्यांच्या आवाजात म्हणाला, "भाजीत मीठ कमी आहे." त्यांनी काढलेल्या खोडीवर मी पहिल्यांदाच रडले. फक्त वाक्याच्या आधी स्पीकर फट् करून वाजला. तिकडे तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही.

साहेबांसमोर मात्र तो लॅपटॉप माइकपुढे ठेवला आणि ती फट् अख्ख्या स्थानकात घुमली. एक तान्हं बाळ रडायला लागलं आणि एक ड्रायव्हर उतरून टायर बघायला गेला. साहेब म्हणाले, "बाई, हे चालायचं नाही. सोमवारपर्यंत ही फट् बंद करा, नाहीतर पार्सल."

ताईंनी आवाज कमी करून बघितला, सेटिंगमधले आकडे बदलून बघितले. दर बदलाला मशीन बंद करून चालू करायचं, आणि एकदा तर स्पीकर पुरता मुका झाला. कोणीतरी इंटरनेटवर शहाणपणा शिकवला, 'अस्सल मशीन घ्या, असले प्रश्न येत नाहीत.' त्याला ताईंनी जे उत्तर दिलं, त्यावरून त्यांना त्या चर्चेतून काढून टाकलं. फटकळपणा टाइप करूनही लपत नाही.

रविवारी दुपारी मी धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होते. शेजारी परत फट्. मी वैतागून म्हणाले, "तुमच्यासारखाच आहे मेला. घटकाभर गप्प बसतो आणि मग एकदम फाटकन." उचलली जीभ, लावली टाळ्याला. बोलून गेले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताईंनी पाटी पुढे केली. 'परत म्हण.'

मी चाचरत परत म्हटलं. त्यांनी लॅपटॉपला लागोपाठ वाक्यं बोलायला लावली. फट् नाही. मग त्या उठल्या, माझ्याबरोबर चादरीची टोकं धरली, दोन घड्या होईपर्यंत थांबल्या आणि बटण दाबलं. फट्. वीज वाचवायला स्पीकर शांततेत झोपत होता आणि उठताना दचकत होता. मग त्याला झोपू द्यायचंच नाही. ताईंनी आपल्या जुन्या सूचनांतून दोन वाक्यांमधला रिकामा तुकडा कापला आणि तो सतत वाजत ठेवला. ऐकू काही येत नव्हतं, पण स्पीकर जागा होता.

"घडी नीट घाल," लॅपटॉप स्वच्छ म्हणाला.

सोमवारी मीही गेले. सूचना झाली, फट् नाही. ओळखीचा आवाज ऐकून फलाटावरचे लोक वर बघायला लागले. साहेबांनी मान डोलावली. "छान. मग लॅपटॉप इथंच ठेवा. बटण काय, कोणीही दाबेल. तुम्ही पार्सलला जा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताईंनी हातानं मला अडवलं. त्यांनी तो रिकामा तुकडा बंद केला आणि साहेबांकडे शांतपणे बघत बसल्या. साहेबांना वाटलं, बाई कबूल झाली. स्पीकर झोपला असेल एवढा वेळ गेल्यावर ताईंनी टाइप केलं. माइक चालूच होता.

फट्.

स्थानकातल्या झाडून सगळ्यांनी माना वर केल्या. ताईंचा आवाज म्हणाला, "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं. साहेबांना माझा आवाज हवाय, मी नको. हा आवाज माझा आहे. मी या खुर्चीवरून उठले, की तोही उठेल."

टायर बघायला गेलेला तो ड्रायव्हर काचेपाशी येऊन उभा राहिला. मग दोन कंडक्टर आले, मागे प्रवासी. साहेबांनी काचेबाहेर पाहिलं, माइककडे पाहिलं, "बरं, चालू द्या" म्हणाले आणि आपल्या केबिनमध्ये गेले.

ताईंनी रिकामा तुकडा पुन्हा सुरू केला आणि पाच नंबरच्या फलाटावर गाडी लागल्याचं सांगितलं. "ढकलाढकली करू नका," त्यांनी पुढे जोडलं. "ड्रायव्हर अजून इथं, माझ्या काचेपाशी उभा आहे."