बोळाच्या तोंडाशी दौलतकाका

दौलतकाकांना कुणी शिव्या द्यायला लागलं की ते हात पुसायला घ्यायचे. खांद्यावरचं फडकं काढायचं, अंगठ्यापासून सुरुवात करायची, एकेक बोट, मग नखं, मग बोटांच्या बेचक्या. हात आधीच स्वच्छ असले तरी. समोरचा दमेपर्यंत हे चालायचं. मग फडकं परत खांद्यावर टाकून विचारायचे, "झालं? च्या टाकाया सांगू का?" समोरच्याचं डोकं आणखीच फिरायचं. माझं तर फारच फिरायचं, कारण त्या वर्षी त्यांना सगळ्यात जास्त शिव्या मी दिल्या.

दौलत खरात, मूळचे जालन्याकडचे. दुष्काळात आईबापाचा हात धरून मुंबईत आले आणि मुलुंडच्या डोंगराकडच्या दगडखाणीवर वाढले. तिथेच पुढे चेनमशीन चालवायला लागले. चेनमशीन म्हणजे चाकांच्या जागी रणगाड्यासारखे लोखंडी पट्टे आणि पुढे दगड उचलायची भलीमोठी बकेट. खाण बंद पडली, मालकाने ते मशीन भंगारात काढलं आणि काकांनी ते घरी आणलं. लोक निवृत्त होताना भिंतीवरचं घड्याळ घेऊन येतात, ह्या माणसाने नऊ टनांचं धूड आणलं. काही वर्षं त्यावर नाले उपसायची, जमीन सपाट करायची कामं केली. मग गुडघे गेले, आणि मशीन आमच्या चौकात उभं राहिलं ते राहिलंच.

आमच्या वाडीत आतल्या चौकाभोवती चार घरं आणि बाहेर रस्त्यावर जायला एकच बोळ. बोळाच्या एका अंगाला आमच्या स्वयंपाकघराची भिंत, दुसऱ्या अंगाला काकांची. कुणाला मशीनचा त्रास नव्हता. परबवहिनी त्याच्या बकेटीवर कोकमं वाळत घालायच्या.

मग माझ्या बाबांना झटका आला. बाबा आयुष्यभर बस चालवत होते. त्यांचा उजवा हात आणि उजवा पाय, दोन्ही गेले. हॉस्पिटलमधून घरी आले ते चाकाच्या खुर्चीत. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पहिले काही महिने महत्त्वाचे आहेत, व्यायामाला आठवड्यातून तीनदा आणा, हात उघडू शकतो. मी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. मी एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. भावनेवर माझा विश्वास कमी, पण 'उघडू शकतो' म्हटल्यावर उघडलाच पाहिजे, असं मी ठरवून टाकलं.

खुर्ची चौकातून नेताना दर वेळी मशीनच्या पट्ट्याला घासायची. बाबांचा लुळा हात एकदा खुर्ची आणि लोखंड यांच्यामध्ये सापडला. सालटं गेलं, बाबांना कळलंही नाही. मी थेट काकांच्या दारात गेले.

"हे धूड हलवा इथून. आजच्या आज!"

"हलवतो पोरी. बाबासाहेबांची जयंती होऊ दे. रफिक मेकॅनिक येणार हाय. गिअरबॉक्स घसरतोय त्याचा, मला भरवसा नाय वाटत."

"चालू होतं ना? मग रस्त्यापर्यंत वीस फूट जात नाही? माझ्या बापाचा हात गेला तर तुमचा रफिक आणून देणार आहे?"

त्यांनी फडकं काढलं. मी ते त्यांच्या हातातून ओढून खाली फेकलं. हे लिहिताना आजही मला मेल्याहून मेल्यासारखं होतं, पण फेकलं हे खरं. काका फडक्याकडे बघत राहिले. मग आत जाऊन चावी घेऊन आले.

मशीन सुरू झालं, काळा धूर सोडत बोळाच्या तोंडाशी गेलं, अर्धं आत शिरलं, आणि गिअरबॉक्समधून कुणी दगड दळतंय असा आवाज आला. इंजिन चालू, मशीन जागच्या जागी. काकांनी पुढे घातलं, मागे घातलं. काही नाही. जाता जाता एक बाजू जराशी वळली होती, त्यामुळे ते तिरकं अडकलं. एका बाजूला मुंगी जाईना, आणि आमच्या भिंतीकडून दीड वीत जागा उरली. माणूस आडवा होऊन, श्वास ओढून जाऊ शकत होता. चाकाची खुर्ची नाही.

तेवढ्यात परबवहिनी बाहेरून भाजी घेऊन आल्या आणि पलीकडे अडकल्या. "अरे देवा! वाट लागली! ह्येका कोणी सांगितल्यान होता मशीन हलवूक?"

मी तिथेच उभी होते, दोन हातांच्या अंतरावर. काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मशीनवरून उतरले आणि म्हणाले, "चुकलंच माजं, वहिनी. पिशवी द्या वरून." पिशवी मी घेतली.

पहिल्याच आठवड्यात गॅसने कापणारा माणूस आला. काका त्याला म्हणाले, "काप. लोखंडच हाय." मला वाटलं होतं रडतील, हट्ट करतील. एवढे दिवस जपलं ना! पण नाही. कापणाराच नाही म्हणाला. आत डिझेल, ऑइल, दोन्ही अंगांना वीतभरावर घरं, घरात सिलिंडर, वर विजेच्या वायरींचं जाळं. त्या वायरींमुळे क्रेनही येईना. मग एकच मार्ग उरला. मशीन जिथे आहे तिथेच त्याचा गिअरबॉक्स बदलायचा आणि त्याला त्याच्या पायांनी बाहेर काढायचं.

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. सकाळी लॅबला जाताना भिंतीला पाठ लावून सरकायचं, प्रत्येक ड्रेसवर काळ्या ग्रीसचा पट्टा. घरी येऊन व्यायाम करून घेणारा माणूस दोनदा आला, पांढरा शर्ट खराब झाला, तिसऱ्यांदा त्याने फोनच उचलला नाही. मोबाइलवर बघून मी बाबांची बोटं उघडायचे, ती परत मिटायची. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर नुसतं पिवळं लोखंड. भर दुपारी दिवा लावून पोळ्या लाटायच्या. बाबा खिडकीशी बसून एकच शब्द म्हणायचे, "बाहेर." मी म्हणायचे, "हो बाबा, उद्या." आणि मग बोळात जाऊन काकांवर ओरडायचे. चूक माझी होती म्हणूनच बहुधा जास्त ओरडायचे.

"किती दिवस हो काका? मस्करी चाललीय काय?"

"घाई मला बी हाय पोरी. बोल्टाला नाय."

रफिकभाई कुर्ल्याहून यायचे, काकांच्याच वयाचे, दम्याचे. दोघं म्हातारे सीट काढून, खालचे पत्रे काढून त्या पोटात डोकं घालून बसायचे. चाळीस वर्षांचा गंज. एकेका बोल्टाला अर्धा अर्धा दिवस. "अरे दौलत, ये तो वेल्डिंग हो गया है," रफिकभाई म्हणायचे. काका त्यावर रॉकेल ओतायचे, बिडी ओढायला बाहेर जायचे, परत यायचे. "लोखंडाशी भांडू नाय. त्येला कान नसत्यात." प्रत्येक सुटा भाग कौसाकाकू, म्हणजे त्यांची बायको, घरातल्या ताटांत क्रमाने मांडून ठेवायच्या. त्या घरात पंधरा दिवस जेवण पातेल्याच्या झाकणांवर होत होतं.

जुना गिअरबॉक्स अर्ध्या टनाचा. तो वर उचलायला चेनपुली हवी, आणि चेनपुली टांगायला आधार. काका आमच्याकडे आले, दारातच उभे राहिले. "पोरी, गर्डर टाकावा लागंल. एक टोक माझ्या भितीत, दुसरं तुमच्या. भोक पाडू का?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार! आमच्या मसाल्याच्या फळीवर लोखंडी गर्डरचं टोक आलं. मी त्यावर झारा अडकवायला लागले.

जुना निघाला. नवा, म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी मेलेल्या मशीनचा, पाइपांवर ढकलत ढकलत बोळात आणला. तो उचलून जागेवर सोडायचा त्या दिवशी सगळी वाडी बघायला. मी बाबांजवळ आत होते. साखळीचा कटकट आवाज चालू होता आणि एकदम वरून माती गळली. गर्डरच्या खालून भिंतीला तडा गेला, माझ्या डोळ्यांदेखत, ओट्यापर्यंत.

"काका! भिंत!"

बाहेर रफिकभाई ओरडले, "बस चार इंच है, दौलत! छोड दे नीचे, बैठ जायेगा!" चार इंच. दहा मिनिटांचं काम. मला आत ऐकू येत होतं. मी बाबांची खुर्ची मागे ओढली, पण मागे म्हणजे कुठे? कॉटपर्यंत. तिथे घर संपलं.

काका म्हणाले, "नाय. वर घे, बाजूला घे, भुईला ठिव." पुन्हा उचलून, सरकवून, जमिनीवर. तीन दिवसांची मेहनत पाण्यात. मग त्या दीड वितेतून सरकत आत आले, लाकडी बल्ल्या आणि जॅक घेऊन. आमच्या स्वयंपाकघरात गुडघ्यावर बसून त्यांनी भिंतीला आतून टेकू दिले. दोन दिवस लागले. मधूनच बाबांशी बोलायचे, "डायवरसाहेब, रिव्हर्स पडत नव्हता तर तुमी काय करायचे ओ?" बाबा डाव्या हाताने लाथ मारल्याची खूण करायचे. झटका आल्यापासून बाबांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. खरंच सांगते, त्या क्षणी मला ह्या माणसाचे पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत. "चहा घ्या," एवढंच म्हणाले.

टेकू बसल्यावर गिअरबॉक्स पुन्हा उचलून बसवला; सगळं मिळून सात आठवडे लागले. मशीन निघालं तेव्हा परबवहिनींनी नारळ फोडला. दुसरा गिअर पडत नव्हता, पहिल्यावरच खुरडत खुरडत ते रस्त्यावर गेलं, ट्रेलरवर चढलं आणि कुठल्याशा खाणीवर कायमचं गेलं. मी बाबांची खुर्ची बोळातून बाहेर काढली. बाबा आधी रस्त्याच्या कडेला थांबव म्हणाले. अर्धा तास येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत बसले.

मग हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी बोटं उघडून बघितली, दाबून बघितली. "पाय सुधारेल," म्हणाले. "हाताला उशीर झाला."

संध्याकाळी काका दारात. "काय म्हणले डाक्टर?"

खोटं बोलता आलं असतं. मी खरं सांगितलं, आणि ज्या आवाजात सांगितलं तो आवाज मला आजही आवडत नाही. काका उंबऱ्यावरच बसले. "माझ्यामुळं," म्हणाले. मी नाही म्हणायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण आतून बाबांनी हाक मारली आणि मला सुटल्यासारखं झालं.

त्यानंतर दोन वर्षं बाबांची खुर्ची काकांनीच ढकलली. रोज. स्वतःचे गुडघे धड नसताना. मी कामावर असताना व्यायामाला नेणं, रस्त्याच्या कडेला बसवणं, बाबांच्या मिटलेल्या मुठीत रबरी चेंडू कोंबणं. वाडीत चेष्टा चालायची, "दौलतकाकांनी शेवटी छोटी गाडी घेतली." ते हसायचे. मशीन का हलवलं हा विषय निघाला की म्हणायचे, "म्हातारपणी मती फिरती." मी बाजूला असायचे. रोज ठरवायचे, आज सांगू. सांगायला दोन मिनिटं लागली असती.

गेल्या वर्षी काका गेले. झोपेतच. पुण्यानुमोदनाला चौकात सतरंज्या टाकल्या होत्या, बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोंशेजारी काकांचा फोटो, वंदना झाली. मग एकेक जण उठून आठवणी सांगायला लागला. परबवहिनी रडत रडत उठल्या. "माणूस लाखातलो. फक्त एकदाच चुकलो, त्या मशीनच्या टायमाक..." लोक ओल्या डोळ्यांनी हसले. बाबा खुर्चीत होते, मूठ मांडीवर.

मी उठले. म्हणाले, "काका चुकले नव्हते. ते नको म्हणत होते. गिअरबॉक्स जाईल हे त्यांनी मला आधी सांगितलं होतं. मी त्यांना हलवायला लावलं. मी. आणि ते असेपर्यंत मी कुणाला सांगितलं नाही."

बाबांकडे बघायचं धाडस मला झालं नाही. पुढच्या रांगेत पांढऱ्या लुगड्यातल्या कौसाकाकूंनी मान वर केली.

"ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी सांगितलं व्हतं त्यांनी मला. म्हणले, तिला एक सबूद बोलशील तर बघ, तिचा बाप आजारी हाय." मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "सारी वाडी त्यांना बोलत व्हती, अन् मी तुझ्यासमोर ताटं मांडत बसायची. लई जड गेलं मला, बाई."

मी तशीच उभी. कौसाकाकूंनी जरा बाजूला सरकून सतरंजीवर हात थोपटला. "बस," म्हणाल्या. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.